एअरबॅग हेल्पर

एअरबॅग हेल्पर : मोटारगाडीच्या मूळ स्प्रिंगला जोड म्हणून बसवायची, हवा कमी-जास्त करता येणारी रबराची किंवा पॉलियुरेथेनची पिशवी. मागच्या धुऱ्यावर ओझे वाढले की स्प्रिंग दबते आणि गाडी मागून बसते. अशा वेळी पिशवीत हवा भरून गाडी मूळ उंचीवर आणतात आणि ओझे उतरल्यावर हवा सोडून देतात. व्होल्वो बससारख्या पूर्ण एअर सस्पेन्शनमध्ये सगळा भार हवाच पेलते. हेल्परमध्ये मूळ स्प्रिंग जागेवरच राहते आणि हवा फक्त वाढीव भाराचा वाटा उचलते. अपघातात फुगणाऱ्या सुरक्षा एअरबॅगशी हिचा संबंध नाही. लिफ्ट किटने उंचावलेल्या गाडीसाठी हेल्पर कसा निवडावा आणि तो ठाणे व नवी मुंबईत कसा मिळवावा, याचा विचारही या नोंदीत केला आहे. ट्रक-बसच्या गॅरेजांत हवेच्या स्प्रिंगला ‘बलून’ म्हणतात आणि ठाणे-नवी मुंबईत हेल्पर शोधताना हाच शब्द अधिक उपयोगी पडतो. ‘हेल्पर’ हा शब्द मात्र जुना आहे. ट्रकच्या मुख्य पाट्यांवर बसवलेला, ओझे आल्यावरच कामाला लागणारा हेल्पर पाटा सर्वांच्या परिचयाचा आहे. हवेचा हेल्पर त्याचेच काम करतो, फक्त त्याचा जोर हवेनुसार बदलता येतो.

इतिहास : हवेच्या स्प्रिंगचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील जॉन लुईस यांना १८४७ मध्ये रेल्वेच्या डब्यांसाठी हवेच्या स्प्रिंगचे पेटंट मिळाले. काही लेखक आरंभ तेथून धरतात. चार्ल्स गुडइयर यांचे व्हल्कनीकृत रबराचे अमेरिकन पेटंट १८४४ चे आणि रॉबर्ट विल्यम थॉमसन यांचे हवेच्या टायरचे ब्रिटिश पेटंट १८४५ चे. त्यामुळे रबरात कोंडलेल्या हवेवर गाडी तोलण्याची कल्पना त्या दशकात रुजत होती, एवढे निश्चित म्हणता येते. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली, म्हणजे ही कल्पना ठाण्याच्या रेल्वेहून काही वर्षांनी थोरली ठरते. दुसरा पक्ष विल्यम हम्फ्रीज यांच्या १९०१ च्या अमेरिकन पेटंटला महत्त्व देतो. त्यात वाहनाच्या डाव्या-उजव्या बाजूंना जवळजवळ पूर्ण लांबीच्या दोन हवेच्या उश्या होत्या आणि प्रत्येकीच्या एका टोकाला व्हॉल्व होता. रस्त्यावरील वाहनापुरते बोलायचे तर हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. डाव्या आणि उजव्या बाजूंची हवा वेगळी ठेवण्याची त्यातील मांडणी आजच्या हेल्परमध्येही टिकून आहे.

पुढचा टप्पा फ्रान्समधील जॉर्ज मेसिए यांचा. त्यांनी १९२० च्या सुमारास तयार गाड्यांवर नंतर बसवता येणारी हवेची सस्पेन्शन यंत्रणा दिली आणि पुढे स्वतःच्या गाड्याही काढल्या. मूळ कारखान्याबाहेर बसवायची जोड या अर्थाने पाहिले, तर हेल्परची वंशावळ लुईस किंवा हम्फ्रीज यांच्यापेक्षा मेसिए यांच्याकडे अधिक सरळ जाते. संदर्भग्रंथांत मात्र त्यांना एखादी ओळच मिळते. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने १९३० च्या दशकात रबरी बेलोजवर (भात्यासारख्या घडीदार पिशवीवर) काम केले. १९५३ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या प्रवासी बसमध्ये ती नियमित उत्पादनात आली, तर १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉघममध्ये खाजगी मोटारीत. कॉइल (वेटोळ्यांच्या) स्प्रिंगच्या पोटात घालायच्या पिशव्यांचा धंदा प्रामुख्याने एअर लिफ्ट या कंपनीच्या नावाशी जोडला जातो. ती अमेरिकेतील लॅन्सिंग येथे १९४९ मध्ये सुरू झाली. फोर बाय फोर गाडीवर सामान लादून दूरवर जाण्याची प्रथा ऑस्ट्रेलियात मोठी असल्याने एअरबॅग मॅन आणि पॉलिएअर ही तेथील नावेही या क्षेत्रात परिचित आहेत.

ठाणेकरांच्या रोजच्या ओळखीची हवेची स्प्रिंग लोकलखाली आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या नव्या डब्यांत बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, हवेच्या स्प्रिंगा असतात. रिकामा डबा आणि गर्दीच्या वेळचा डबा यांच्या वजनात मोठी तफावत असते, तरी डब्याची उंची फलाटाशी जुळलेली राहावी लागते. बदलते ओझे आणि न बदलणारी उंची हा प्रश्न लोकलचा आणि सामान लादलेल्या थार गाडीचा एकच आहे.

कार्यतत्त्व : पिशवी किती वजन पेलते हे दाब आणि परिणामकारक क्षेत्रफळ (हवा ज्यावर रेटा देते ते) यांच्या गुणाकारावर ठरते. पिशवीचा व्यास ११ सेंमी. धरला तर क्षेत्रफळ सुमारे ९५ चौ. सेंमी. येते आणि दर पीएसआयमागे (पौंड प्रति चौरस इंच, हे दाबाचे एकक) साधारण ६.७ किग्रॅ. आधार मिळतो. १० पीएसआयला एका बाजूस सुमारे ६७ किग्रॅ., तर ३५ पीएसआयला सुमारे २३४ किग्रॅ. एअर लिफ्टच्या ‘१०००’ या कॉइलमधील संचाची कमाल मर्यादा जोडीला १,००० पौंड, म्हणजे सुमारे ४५४ किग्रॅ., आणि कमाल दाब ३५ पीएसआय सांगितला जातो. वरील साधे गणित त्याच्या जवळ पोहोचते, यावरून पिशवीत काही गूढ नाही हे कळावे. किमान दाब सहसा ५ पीएसआय असतो. त्याखाली पिशवी चुरगळते आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत चिमटते. गाडी रिकामी असतानाही तेवढी हवा ठेवणे म्हणूनच आवश्यक.

हवेच्या स्प्रिंगचा दुसरा गुण असा की ती दबत जाते तशी कठीण होत जाते. सावकाश ओझे टाकताना हवेला उष्णता बाहेर टाकायला वेळ मिळतो. खड्ड्यातून जोरात जाताना मिळत नाही, आणि त्या क्षणी ती अधिक ताठ वागते. दोन्ही पिशव्या एकाच टी-नळीने जोडल्या तर वळणावर भार पडलेल्या बाजूची हवा हलक्या बाजूला पळते आणि गाडी अधिक झुकते. कसारा किंवा माळशेज घाटातील वळणांवर छतावर तंबू असलेल्या गाडीला हे धोक्याचे ठरते. एक व्हॉल्व कमी लागतो म्हणून टी-नळी सुचवली जाते. ती सूचना मानू नये. दोन नळ्या, दोन व्हॉल्व घ्यावेत.

उंचावलेली गाडी : लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) बसवल्यावर हेल्परची निवड अवघड होते, कारण गाडीच्या मॉडेलनुसार छापलेली मापे तिला लागू राहत नाहीत. दोन इंच लिफ्ट म्हणजे धुरा आणि चेसिस (गाडीचा सांगाडा) यांच्यात सुमारे ५० मिमी. अंतर वाढले. मूळ उंचीसाठीची पिशवी त्या जागेत आखूड पडते, वेटोळ्यांत खाली घसरते किंवा तिरकी होते. म्हणून तीन मापे घ्यावी लागतात : गाडी सपाट जमिनीवर उभी असतानाची स्प्रिंगची उंची, चाक पूर्ण लटकल्यावरची, आणि बंप स्टॉपर (चाकाची वरची हालचाल थांबवणारा ठोकळा) टेकल्यावरची. यांखेरीज स्प्रिंगचा आतला व्यास वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी मोजावा; टोकाला निमुळत्या होणाऱ्या स्प्रिंगमध्ये मधले माप फसवते. बंप स्टॉपर स्प्रिंगच्या आतच असेल तर पिशवीला जागा उरत नाही. तो कापून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सहज मिळतो. स्टॉपर गेला की शेवटचा धक्का पिशवीवर आणि शॉक ॲब्सॉर्बरवर येतो, त्यामुळे पर्यायी स्टॉपरची व्यवस्था असल्याशिवाय कापणे योग्य नव्हे. पिशवी थोडी आखूड असल्यास खाली टणक चकती घालून ती मध्यावर आणता येते.

पाट्यांच्या गाड्यांत, म्हणजे २०१० ची पहिली थार, जिप्सी, इसुझू व्ही-क्रॉस किंवा हायलक्स यांच्या मागच्या धुऱ्यावर, पिशवी पाट्यांच्या वर, धुरा आणि चेसिसच्या मध्ये बसते. तिला डबल बेलोज म्हणतात आणि तिचा दाब १०० पीएसआयपर्यंत जातो. लिफ्टमुळे वाढलेले अंतर तेथे ब्रॅकेटखाली पोलादी स्पेसर देऊन भरतात. बेलोज दोन्ही टोकांना बोल्टने पक्की असेल तर दगडधोंड्यांत चाक लटकल्यावर ती ताणली जाऊन फाटते. यावर खालचे टोक मोकळे सोडणारे पाळणे मिळतात. चाक खाली गेले की पिशवी त्यावरून उचलली जाते आणि पुन्हा जागेवर बसते.

चेसिस वाकण्याचा वाद येथेच उद्‌भवतो. पाटे आपला भार चेसिसवर दोन टोकांच्या हँगरांतून सोडतात. बेलोज तोच भार मध्ये एका जागी देते. ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपच्या चेसिस केबिनच्या मागे वाकल्याची उदाहरणे चर्चिली गेली आहेत. एक मत सर्व दोष बेलोजला देते. दुसऱ्या मतानुसार खरे कारण धुऱ्याच्या मागे लटकणारे ओझे : तेथील १०० किग्रॅ. मागच्या धुऱ्याला १०० पेक्षा जास्त जाणवतात, कारण तरफेप्रमाणे ते पुढचा धुरा हलका करतात. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तरीही बेलोजमुळे गाडी सरळ उभी दिसते आणि जास्त ओझ्याची खूण नाहीशी होते, हा पहिल्या मताचा मुद्दा खोडता येत नाही. नव्या थारमध्ये (२०२०), जिम्नीत आणि फोर्स गुरखा गाडीत मागे कॉइल असल्याने पिशवी स्प्रिंगच्याच आसनावर भार देते आणि हा प्रश्न तेवढा उग्र होत नाही.

निवडीचे सूत्र असे सांगता येईल की कायमचे वजन स्प्रिंगने पेलावे, येते-जाते वजन हवेने. लोखंडी बंपर, विंच, मागच्या दारावरचे जड चाक ही गाडीवर रोज असतात. त्यांच्यासाठी योग्य ताकदीची लिफ्ट स्प्रिंगच घ्यावी. प्रवासापुरते भरलेले पाणी, डिझेलचे कॅन, मागे बसलेली तीन माणसे यांच्यासाठी हेल्पर. बसलेल्या, थकलेल्या पाट्यांना हवेने उभे करणे हा उपाय नव्हे. लिफ्टची स्प्रिंग आधीच ताठ असेल, तर हेल्परची गरजच आहे का हे आधी वजन करून पाहावे. नवी मुंबईत यासाठी मोठी सोय आहे. कळंबोली, उरण आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात ट्रकचे वजनकाटे जागोजागी आहेत. गाडी एकदा रिकामी आणि एकदा पूर्ण भरून, दोन्ही वेळा आधी सगळी, मग फक्त मागची चाके काट्यावर घेऊन वजन करावे. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या मागच्या धुऱ्याच्या वजनांतील फरक म्हणजे हेल्परला उचलायचे ओझे. थोड्याशा खर्चात मिळणारा हा आकडा कोणत्याही विक्रेत्याच्या सल्ल्यापेक्षा मोलाचा आहे.

ठाणे व नवी मुंबईतील उपलब्धता : चांगल्या प्रतीचे हेल्पर बहुतांशी आयात होतात. न्हावा शेवा बंदर (१९८९ पासून कार्यरत) नवी मुंबईच्या शेजारी असले तरी एकट्या ग्राहकाचा संच सहसा विमानाने, कुरिअरने येतो. सांगितलेल्या किमतीत वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरले आहेत का, हे लेखी विचारावे. फॉर्च्युनर, हायलक्स आणि जिम्नी या गाड्या ऑस्ट्रेलियातही विकल्या गेल्या असल्याने तेथील सूचींत त्यांची मापे सापडण्याचा संभव अधिक. थार आणि गुरखा यांसाठी गाडीच्या नावाने न शोधता पिशवीचा व्यास आणि लांबी यांवरून निवड करणे श्रेयस्कर. मुंबईतील ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या बाजारांत ‘स्प्रिंग बफर’ म्हणून मिळणारे, वेटोळ्यांत अडकवायचे रबरी तुकडे ही वेगळी वस्तू आहे. ते काही वेटोळ्यांची हालचाल अडवतात, त्यांचा जोर बदलता येत नाही, आणि उंचावलेल्या गाडीत ते हेल्परची जागा घेऊ शकत नाहीत.

बसवण्यासाठी वातानुकूलित बस आणि मल्टिॲक्सल ट्रकचे काम करणारा कारागीर अनेकदा हौशी गाड्यांच्या दुकानापेक्षा बरा, कारण हवेची नळी काटकोनात कापणे, जोड साबणाच्या पाण्याने तपासणे आणि सायलेन्सरपासून नळी दूर ठेवणे त्याच्या हाताला सवयीचे असते. तुर्भ्याचा ट्रक टर्मिनल परिसर आणि कळंबोली येथे असे कारागीर आढळतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ अन्वये परवानगी नसलेल्या बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. लिफ्ट आणि हेल्पर दोन्हींबाबत ठाणे (एमएच-०४), नवी मुंबई (एमएच-४३) किंवा पनवेल (एमएच-४६) येथील परिवहन कार्यालयात आधी विचारणे इष्ट. हेल्परने नोंदणीपुस्तकातील कमाल भारित वजन एका किलोनेही वाढत नाही.

देखभाल : पिशवीचे आकारमान लहान असल्याने पेट्रोल पंपावरील नळीने क्षणात मर्यादा ओलांडली जाते. सायकलचा हातपंप आणि कमी दाबाचा गेज अधिक भरवशाचा. खाडीकाठच्या खारट हवेत पितळी नसलेले जोड लवकर गंजतात. पावसाळ्यानंतर वेटोळ्यांत अडकलेली चिखल-खडी पाण्याने धुऊन काढावी, कारण पिशवी भोसकण्याऐवजी घासूनच अधिक वेळा निकामी होते. गाडीची मागची उंची दांडीने ओळखून मागच्या ब्रेकचा जोर ठरवणाऱ्या जुन्या ब्रेक व्हॉल्वच्या गाड्यांत हेल्पर लावल्यावर व्हॉल्वला गाडी रिकामी भासते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तेथे व्हॉल्वची जुळणी नव्याने करून घेणे टाळू नये.

ठाण्याहून लडाखला जाणाऱ्यांसाठी एक तपशील महत्त्वाचा. खारदुंगला खिंडीची उंची फलकांवर १८,३८० फूट लिहिलेली आढळत आली. आधुनिक मोजणी ५,३५९ मी., म्हणजे सुमारे १७,५८२ फूट देते आणि तीच ग्राह्य धरावी. त्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो, म्हणून बंद पिशवीतला गेजवरील दाब सुमारे ७ पीएसआयपर्यंत वाढू शकतो. थंडी त्यातला बराच भाग खाऊन टाकते, पण दुपारच्या उन्हात नाही. कमाल दाबाच्या जवळ भरलेली पिशवी निघतानाच थोडी उतरवून ठेवावी. वर थांबून हवा सोडली असेल, तर उतरल्यावर ती पुन्हा मोजून भरावी, अन्यथा सखल भागात पिशवी किमान दाबाखाली जाते.