कॅम्पर व्हॅनमधील रात्रीची ऊब

थंडीत कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, झोपणाऱ्यांना रात्रभर ऊब मिळावी म्हणून केलेली व्यवस्था. हीटरची निवड, त्याची बसवणी, हवेची ये-जा आणि धोक्याची सूचना देणारी उपकरणे हे सारे तिच्यात येते. व्यवस्था कोणतीही असो, पाहायचे ते एवढेच की ज्वाला जी हवा घेते-सोडते ती आणि झोपलेला माणूस जी हवा घेतो ती, या दोन्ही पूर्णपणे वेगळ्या आहेत का.

मध्यम आकाराच्या व्हॅनच्या आत साधारण १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर हवा मावते. हवा बदलत नसेल, तर एवढ्या जागेत अवघा एक लिटर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मिसळला की त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० भाग होते. घराच्या मोठ्या खोलीत जी गळती कदाचित निभावून जाईल, ती इथे जिवावर बेतते.

इंधन अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे जागेपणी थकव्यावर किंवा उंचीवरच्या विरळ हवेवर ढकलली जातात, आणि झोपेत तर ती जाणवतच नाहीत. त्रास होऊ लागला की जाग येईल आणि मग हीटर बंद करू, या भरवशावर कोणीही झोपू नये. जाग येत नाही.

म्हणूनच उघड्या ज्वालेची कोणतीही शेगडी झोपेच्या वेळी आत पेटती ठेवू नये. स्वयंपाकाचा गॅस ऊब मिळवण्यासाठी लावून ठेवणे हाही त्यातलाच प्रकार. सर्वांत घातक म्हणजे कोळशाची शेगडी. ज्वाला विझून राखेखाली निखारे धुमसत असतात, धूर दिसत नाही आणि सगळे शांत वाटते, नेमका तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असतो. उचलून कुठेही ठेवता येणाऱ्या काही गॅस हीटरांना ऑक्सिजन कमी झाल्यावर ज्वाला विझवणारा संवेदक असतो. तो उपयोगी आहे, पण तो ऑक्सिजनची घट ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. शिवाय १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने आतच साठते. काचा आणि पत्रा ओघळू लागतात, अंथरूण दमट होते.

रात्रभर चालवण्यासाठी बंद दहनकक्षाचा हीटर हवा. डिझेलवर चालणारा एअर हीटर हा त्यातला सर्वांत रुळलेला प्रकार. तो जळण्यासाठी लागणारी हवा गाडीच्या तळाखालून घेतो आणि धूर तळाखालीच सोडतो. आतली हवा पंख्याने तापलेल्या धातूच्या कवचावरून फिरते, ज्वालेला शिवत नाही. २ किलोवॉटचा हीटर तासाला साधारण पाव लिटरपर्यंत डिझेल घेतो. पेटताना ग्लो प्लगला, म्हणजे तापून इंधन पेटवणाऱ्या कांडीला, बरीच वीज लागते, नंतर ती थोडक्यावर येते. मात्र बॅटरी उतरलेली असेल तर हीटर पहाटे, ऐन थंडीत, बंद पडतो. त्याची वीज तोडून तो थांबवू नये. बटणाने बंद केल्यावर आतला पंखा काही मिनिटे फिरून दहनकक्ष थंड करतो, ते होऊ द्यावे.

अशा हीटरची सुरक्षितता बसवणीवर अवलंबून असते. धुराच्या नळीचा कोणताही सांधा गाडीच्या आत नसावा. तिचे तोंड खिडकीखाली, तळातल्या झरोक्याजवळ किंवा हीटरच्याच हवा ओढणाऱ्या नळीशेजारी नसावे. ही नळी फार तापते, त्यामुळे वाळलेल्या गवतावर गाडी उभी करून हीटर लावणे धोक्याचे. बर्फ पडत असेल तर तोंड बुजले नाही ना, हे झोपण्यापूर्वी पाहावे. सुमारे १,५०० मीटरच्या वर हवा विरळ होते, इंधन नीट जळत नाही आणि काजळी धरते. तिथे उंचीनुसार इंधन कमी करण्याची सोय लागते.

गॅसचे बंद हीटरही याच तत्त्वावर चालतात. प्रोपेन आणि ब्युटेन हवेहून जड असल्याने गळती तळाशी साचते; म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातून बाहेर उघडणारे भोक ठेवतात आणि ते कधीही बुजवू नये. गोठणबिंदूच्या आसपास ब्युटेनची वाफ होणे थांबते, प्रोपेनची उणे ४२ अंशांपर्यंत होत राहते. हिवाळ्यात प्रोपेन वापरतात तो याच कारणाने.

बाहेरून वीज मिळत असेल तर विजेच्या हीटरमध्ये विषारी वायूचा प्रश्न नाही, आगीचा राहतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत मात्र सुमारे १.२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. १ किलोवॉटचा हीटर ती तासाभरात संपवतो. तेवढीच वीज १२ व्होल्टच्या गरम गादीला रात्रभर पुरते, कारण ती हवा न तापवता माणसाला तापवते. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून झोपणे पूर्ण वर्ज्य.

थंडी आत येते म्हणून झरोके कोंबून बंद करण्याचा मोह सर्वांना होतो. पण दोन माणसांच्या श्वासातूनच रात्रीत अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते, म्हणून खाली एक आणि छताला एक असा हवेचा मार्ग हीटर कोणताही असला तरी उघडा राहिला पाहिजे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या सगळ्यानंतरही लागतोच. फिरत्या वाहनांसाठी आणि बोटींसाठी युरोपात ईएन ५०२९१-२ हे मानक आहे. त्यानुसार अलार्म दशलक्षात ३०० भाग असताना तीन मिनिटांच्या आत वाजायला हवा, तर ५० भाग असताना तो तास ते दीड तासाने वाजतो. तो झोपणाऱ्याच्या डोक्याच्या जवळपास लावावा; संवेदकाचे आयुष्य काही वर्षांचेच असते, म्हणून अलार्मच्या पाठीवर छापलेली तारीख पाहून तो बदलावा. धुराचा अलार्म वेगळा, तोही लावावा.

अलार्म वाजला की आधी सर्वांना उठवून बाहेर काढावे, कपडे आणि कारणे नंतर शोधावीत. जाता जाता दार उघडे टाकावे, हीटर हाताशी असेल तर बंद करावा. कोणाचे डोके दुखत असेल किंवा कोणी गुंगीत असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी आणि कार्बन मोनॉक्साइडची शंका स्पष्ट सांगावी, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेतही आकडा चांगलाच दाखवतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.