घटस्फोटानंतर नातवंडं कायमची दुरावतात? कायदा तसं म्हणत नाही

“मुलाचा घटस्फोट झाला, आता नातवाचा विषय संपला” असं कितीतरी आजी-आजोबा वकिलाला न विचारताच धरून चालतात. हे चूक आहे. भारतात त्यांना भेटीचा हक्क आपोआप मिळत नाही, हे खरं. पण कोर्टाकडे दाद नक्की मागता येते. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ८ नुसार पालकत्वासाठी कोणताही नातेवाईक अर्ज करू शकतो.

घोळ होतो तो अर्जात. तो आपल्या गावी नव्हे, मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कुटुंब न्यायालयात करायचा. ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. पालक व्हायची तयारी असल्याचं घोषणापत्र जोडायचं, त्यावर तुमची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच.

आई किंवा वडील सांभाळायला समर्थ असतील तर ताबा मिळणं अवघड, कारण कोर्ट आधी मुलाचं हित पाहतं. म्हणून बहुतेकांनी भेटच मागावी, आणि नेमकी मागावी: दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी ११ ते दुपारी ४, शिवाय आठवड्याला एक व्हिडिओ कॉल. नुसतं “भेटू द्यावं” लिहिलं की आदेशही मोघम येतो, आणि मोघम आदेश मोडला हे सिद्ध करताना दमछाक होते. अर्जात सुनेची उणीदुणी तर अजिबात काढू नका.