विषाणुजन्य हिपॅटायटिस : प्रमाण आणि संसर्गाची जोखीम

विषाणूंच्या संसर्गामुळे यकृताला येणारी सूज म्हणजे विषाणुजन्य हिपॅटायटिस. बोलताना आपण त्याला सरसकट ‘कावीळ’ म्हणतो. पण कावीळ हे लक्षण आहे, आजार नव्हे, आणि बऱ्याच रुग्णांत ते दिसतच नाही. आजार घडवणारे मुख्य विषाणू पाच : ए, बी, सी, डी आणि ई. ए आणि ई दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात, आणि त्यांचा आजार बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. बी, सी आणि डी रक्तातून व शरीरातील स्रावांतून पसरतात आणि यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसू शकतात. खरी जीवितहानी होते ती याच मूक संसर्गामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५.४ कोटी लोकांना दीर्घकालीन बी आणि ५ कोटी लोकांना सी हिपॅटायटिस होता. त्या वर्षी या आजारांनी सुमारे १३ लाख माणसे दगावली. बहुतेकांचा शेवट यकृत निबर होऊन (सिरोसिस) किंवा यकृताच्या कर्करोगाने झाला. बी असलेल्या दर शंभर जणांपैकी केवळ तेराजणांना आपल्या आजाराची कल्पना होती. या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा हाच. ज्याचे डोळे पिवळे होतात तो डॉक्टरकडे धावतो. ज्याला काहीच होत नाही तो वीस-तीस वर्षे निर्धास्त राहतो.

बीच्या बाबतीत जोखीम ठरते ती प्रामुख्याने संसर्गाच्या वयावरून. प्रौढपणी संसर्ग झाला तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण विषाणूला शरीराबाहेर घालवतात. तोच संसर्ग जन्मताना आईकडून झाला, तर शंभरातल्या नव्वदांहून अधिक बाळांत तो कायमचा घर करतो, कारण नवजात बाळाची प्रतिकारशक्ती विषाणूला परका म्हणून ओळखत नाही. म्हणूनच लसीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते. इथे एका दिवसाचा उशीरही महागात पडू शकतो. रक्ताचा वाळलेला डागही धोक्याचा असतो, कारण बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखे कापायचे यंत्र कुणाचे वापरू नये ते यासाठीच. लस न घेतलेल्यांसाठी असुरक्षित शरीरसंबंध हाही बीच्या प्रसाराचा मोठा मार्ग आहे.

सी मुख्यतः रक्तातून रक्तात जातो, आणि त्याची सर्वांत दुःखद कहाणी इजिप्तमधली आहे. १९५० ते १९८० च्या दशकांत तिथे शिस्टोसोमियासिस या परजीवी रोगाविरुद्ध सामुदायिक मोहिमा राबवल्या गेल्या. औषध शिरेतून द्यायचे, तेही एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. काचेच्या सिरिंज नीट निर्जंतुक न करताच पुढच्या रुग्णासाठी वापरल्या जात. एक रोग हटवायला निघालेल्या सुईने दुसरा घरोघरी पोचवला. २००८ च्या सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील दर सात जणांमागे साधारण एकाच्या रक्तात सीची प्रतिपिंडे (संसर्ग कधीतरी झाल्याची खूण) आढळली. त्याच देशाने २०१८-१९ मध्ये काही महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी करून रुग्णांवर उपचार केले, हेही तितक्याच ठळकपणे नोंदवायला हवे.

आजही तीच वाट उघडी आहे. अमली पदार्थांसाठी एकमेकांच्या सुया वापरणे, न तपासलेले रक्त चढवणे, अस्वच्छ उपकरणांनी गोंदणे, निर्जंतुकीकरणात हयगय होणारे डायलिसिस किंवा दंतोपचार ही रक्तातून होणाऱ्या संसर्गाची मुख्य कारणे. आरोग्यसेवकांना सुई टोचण्याचा धोका असतोच. लस न घेतलेल्या व्यक्तीला बीबाधित रक्ताची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता एचआयव्हीच्या तुलनेत अनेक पटींनी जास्त असते. डी हा परावलंबी विषाणू आहे. बीशिवाय तो जगू शकत नाही, त्यामुळे बीची लस डीपासूनही वाचवते.

ए आणि ईचे उद्रेक दूषित पाणी किंवा अन्नातून होतात. १९८८ मध्ये शांघायमध्ये अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांतून जवळपास ३ लाख लोकांना ए झाला. लहानपणी ए बहुधा लक्षणांशिवाय येऊन जातो, मोठेपणी मात्र अंथरुणाला खिळवतो. ई एरवी सौम्य असला तरी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत अतिशय घातक ठरतो. त्यामुळे गरोदर स्त्रीची कावीळ ‘होईल आपोआप बरी’ म्हणून कधीही अंगावर काढू नये.

बी आणि सी एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा शिंकण्या-खोकण्यातून पसरत नाहीत. बाधित व्यक्तीचे ताट-भांडे वेगळे काढणे हा तिच्यावर निव्वळ अन्याय आहे. सीवर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. मात्र त्याविरुद्ध अद्याप लस नाही आणि बरे झाल्याने संरक्षणही मिळत नाही. दूषित सुई पुन्हा टोचली तर सी पुन्हा होऊ शकतो.