तंबूतील मुक्काम (माळवा)

घराबाहेर, रानात किंवा माळावर, सोबत नेलेल्या सामानावर एक वा अधिक रात्री काढणे म्हणजे तंबूतील मुक्काम. चंबळेचा उगम असलेला महूजवळचा जानापाव डोंगर, चोरल नदीचे खोरे आणि धार जिल्ह्यातील मांडू ही ठिकाणे इंदूरहून दोन-तीन तासांत गाठता येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुक्कामाचा सोयीचा काळ होय. पावसाळ्यात ओढ्यांना क्षणात लोंढा येतो. 2011 च्या जुलैमध्ये पाताळपाणी धबधब्यावर असाच प्रवाह वाढून पर्यटक वाहून गेले होते, त्यामुळे एरवीही कोरड्या पात्रात तंबू ठोकू नये.

मुक्काम सुखाचा होणे तंबूच्या किमतीपेक्षा जमिनीवर अधिक अवलंबून असते. माळव्यातील काळी माती ओली असताना फुगते आणि खुंट्या धरत नाही, तर डोंगरमाथ्यावर मातीचा थर पातळ असून खाली बेसाल्टचा कातळ लागतो व खुंटी मुळीच शिरत नाही. मातीत खुंटीचे डोके तंबूपासून बाहेर कललेले ठेवून ती तिरकी ठोकावी. कातळावर ताणाच्या दोऱ्या जड दगडांना बांधाव्यात. रात्री थंड हवा सखल भागात साठत असल्याने नदीकाठच्या खोलगट जागेपेक्षा थोडी उंचावरची, वाऱ्याला आडोसा असलेली जागा ऊबदार ठरते.

माळव्याच्या रात्रीची ‘शब-ए-मालवा’ ही ख्याती उन्हाळ्यातील सुखद गारव्याची आहे. डिसेंबर-जानेवारीत मात्र पारा अनेकदा 10° से.च्या खाली उतरतो, आणि नवखे लोक वरून दोन रजया घेऊनही कुडकुडतात. याचे कारण असे की, शरीराची उष्णता खालच्या जमिनीत सतत झिरपत असते, आणि अंगाखाली दबलेल्या कापसात हवा उरत नसल्याने तो ती अडवू शकत नाही. म्हणून दुसरी रजई अंगावर घेण्याऐवजी फोमची चटई, ती नसल्यास जाड सतरंजी व घडी घातलेली गोधडी, अंगाखाली पसरावी. झोपण्यापूर्वी दिवसभराचे घामट कपडे बदलावेत आणि कानटोपी घालावी. तंबूची जाळीदार खिडकी थोडी उघडी ठेवावी, कारण श्वासातील बाष्प थंड कापडावर साचून पहाटे अंथरुणावर ठिबकते. ऊब मिळावी म्हणून पेटती शेगडी आत घेणे जीवघेणे आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्वयंपाकात पोहे, पिठले-भात किंवा घरून नेलेल्या दशम्या यांनी वेळ निभते, परंतु या प्रदेशाचे खरे उघड्यावरचे जेवण दाल-बाफले. गव्हाच्या रवाळ पिठात थोडे मक्याचे पीठ, मीठ, ओवा आणि तुपाचे मोहन घालून घट्ट कणीक मळतात, तिचे गोळे हळदीच्या उकळत्या पाण्यात वर तरंगेपर्यंत शिजवतात आणि निथळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. ज्वाळा पूर्ण विझून गोवऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबणे, यातच निम्मे कौशल्य आहे. घाई केल्यास बाहेरून कोळसा आणि आत कच्चे पीठ अशी गत होते. भाजलेला बाफला फडक्यात झटकून, दाबून फोडतात व तुपात बुडवतात. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप दिल्यास काजळी घासण्याचा त्रास वाचतो. राखीव जंगलात विस्तव पेटवणे भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा असून पानगळीनंतर सागाच्या वाळक्या पानांत ठिणगी लगेच पसरते. तेथे तयार जेवणच न्यावे. पिण्यास व शिजवण्यास माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरावे. ओढ्याचे पाणी उकळूनच वापरावे.

जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार सापाचा धोका असतो: तो रात्री वावरतो आणि त्याचा दंश बऱ्याचदा झोपेत जाणवतही नाही. तंबूची चेन कायम बंद ठेवावी, बूट सकाळी झटकून घालावेत आणि दंशाची शंका आल्यास दोरी आवळणे किंवा जखम कापणे टाळून, व्यक्तीला फार हालचाल करू न देता तत्काळ सर्पविषरोधक इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.