जोखीम घटक: माणसाचे आणि वस्तीचे

मोठ्या लोकसंख्येच्या आरोग्य पाहणीत आजारामागची कारणं दोन पातळ्यांवर मोजतात. एक माणसाची स्वतःची, म्हणजे वय, बीपी, शुगर, वजन, तंबाखू, शिक्षण. दुसरी तो राहतो त्या जागेची: पाणी, धूर, दवाखान्याचं अंतर, आजूबाजूची गरिबी. खान्देशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) ही 'जागा' म्हणजे गाव, गल्ली, वॉर्ड का पाडा, इथूनच घोळ सुरू होतो.

अशा कारणांना जोखीम घटक म्हणतात, इंग्रजीत 'रिस्क फॅक्टर'. हा शब्द बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम हृदय अभ्यासाच्या नावावर टाकतात. तो 1948 ला 5,209 लोकांवर सुरू झाला आणि त्याच अभ्यासातले डॉक्टर कॅनेल व सहकाऱ्यांच्या 1961 च्या लेखात 'जोखमीचे घटक' असा प्रयोग आला, तिथून तो रुळला. पण कल्पना त्याआधीची असावी, कारण विमा कंपन्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच वजन आणि बीपी बघून हप्ता ठरवत होत्या. काही इतिहासकार श्रेय त्यांनाच देतात आणि ते जास्त पटतं. वस्तीची बाजू तर याहून जुनी. साधारण 1826 ते 1830 च्या दरम्यान विलेर्मे नावाच्या फ्रेंच डॉक्टरने पॅरिसच्या 12 विभागांतले मृत्यू ताडून पाहिले, तेव्हा नदी जवळ आहे का, रस्ते रुंद आहेत का, याचा मेळ बसेना, मेळ बसला तो गरिबीशी.

फ्रॅमिंगहॅम हे एकच गाव होतं, त्यामुळे गावाचा परिणाम तिथे दिसणं अवघडच होतं. सगळ्यांना सारखीच असलेली गोष्ट आकड्यांत पकडता येत नाही. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी 1985 ला हेच मांडलं: सगळेच रोज 20 सिगारेटी ओढत असते तर फुप्फुसाचा कॅन्सर आनुवंशिक वाटला असता. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ऊन असंच समजा, फक्त भुसावळच्या आतच लोकांची तुलना केली तर ऊन हे कारण म्हणून वर येणारच नाही.

उलटी चूकही होते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी 1950 ला दाखवलं की अमेरिकेत परदेशात जन्मलेले लोक जास्त असलेल्या राज्यांत साक्षरता जास्त होती, पण ते लोक स्वतः मात्र कमी साक्षर होते. म्हणून जिल्ह्याच्या सरासरीवरून माणसाबद्दल बोलू नये. आता दोन्ही पातळ्या एकाच गणितात बसवतात, त्याला बहुस्तरीय विश्लेषण म्हणतात. तरी वाद उरतोच: वस्ती आजारी पाडते, का गरीब आणि आजारी माणसंच तिथे येऊन राहतात? अमेरिकेत 1994 पासून 5 शहरांतल्या गरीब कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात जायची संधी दिली, आणि 10-15 वर्षांनी संधी मिळालेल्या कुटुंबांतल्या बायकांमध्ये, न मिळालेल्यांपेक्षा, अतिलठ्ठपणा आणि डायबिटीस कमी सापडला. सोडत असल्यामुळे 'आजारीच तिथे येतात' हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) सुमारे 6.37 लाख घरं होती. ग्रामीण भागात नमुन्याचं एकक, म्हणजे घरं निवडायला आधी जी जागा निवडतात ती, बहुतेक गावच असतं. तापीकाठच्या रावेर-यावलकडे हे चालून जातं, घरं एकमेकांना चिकटून असतात. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे एकच महसुली गाव डोंगरावर विखुरलेल्या पाड्यांचं असतं, एका पाड्याला डांबरी रस्ता, दुसऱ्याहून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणायचं. दोन्हींची सरासरी कुठल्याच पाड्याची नसते.

सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार सातपुड्यात भिल्ल, पावरा समाजांत आढळतो. जनुक आईबापांकडून येतं, म्हणजे वैयक्तिक घटक, पण तपासणी वेळेवर होणं आणि गोळ्या नियमित मिळणं हे पाड्यावर ठरतं.

ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं अजून वेगळीच अडचण करतात. अर्धं वर्ष फडावरच्या खोपटात, होळीला घरी. पाहणीत रक्त-बीपी तपासायला आदल्या रात्री त्या घरात झोपलेली माणसं धरतात, त्यामुळे पाहणी होळीच्या आधी झाली तर पाड्यात म्हातारी आणि लहान पोरं भेटतात, नंतर झाली तर फडावरून आलेलं दुखणं पाड्याच्या खात्यावर लागतं.