धक्का नेमका कुठे बसतो?

दिवाळीत बाटलीतून बाण सुटला की मागे आग, धूर आणि वर झेप, एवढंच दिसतं. मागे जाणारा धूर हवेला रेटतो आणि हवा बाणाला पुढे ढकलते, असं त्यावरून सहज वाटून जातं. नावाडी बांबू नदीच्या तळाला टेकवून होडी पुढे नेतो, तसंच काहीसं. मग जिथे हवाच नाही, त्या अंतराळात बांबू टेकायचा कशाला? म्हणून रॉकेट तिथे चालूच शकत नाही, असं म्हणणारे आजही भेटतात.

13 जानेवारी 1920 रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकीय पानावर रॉकेटांवर प्रयोग करणाऱ्या रॉबर्ट गोडार्ड या अमेरिकी प्राध्यापकाची नेमकी याच मुद्द्यावर टर उडवली गेली. शाळकरी पोरांना कळतं ते या गृहस्थांना कळत नाही, असा एकूण सूर होता. वास्तविक गोडार्डनी हवा उपसून काढलेल्या बंद नळकांड्यात छोटी रॉकेटं पेटवून पाहिली होती आणि त्या प्रयोगांचा अहवाल छापून आला होता. पोकळीत वायू हवेतल्यापेक्षा जास्तच वेगानं बाहेर पडला होता. टीका करणाऱ्यानं अहवाल नीट वाचला असता तरी भागलं असतं!

धक्का बसतो तो रॉकेटच्या पोटात. इंजिनाचं ज्वलनकक्ष म्हणजे एक बंद डबा समजा. आत तापलेला वायू सगळ्या भिंतींवर सारखाच दाब देतोय. डावीकडचा दाब उजवीकडच्या दाबानं फिटतो, पुढचा मागच्यानं. आता मागच्या भिंतीला भोक पाडा. पुढच्या भिंतीवरचा दाब तसाच आहे, पण त्याला फेडणारी मागची भिंत तेवढ्या जागी उरलेली नाही. डबा पुढे सरकणारच. बाहेर हवा आहे की नाही, याचा यात कुठे संबंध आला?

हल्लीचे आक्षेपवाले मात्र अभ्यास करून येतात. पोकळीत मोकळा पसरणारा वायू काहीच कार्य करत नाही असं पुस्तकात लिहिलंय, मग तो रॉकेटला ढकलेल कसा, असं ते विचारतात. पुस्तक बरोबरच आहे. पण त्यातला डबा बघा: दोन कप्पे, मध्ये झडप, आणि बाहेरून सगळं बंद. झडप उघडली की वायू रिकाम्या कप्प्याकडे धावतो आणि डब्याला उलट दिशेनं हिसका बसतो. क्षणात वायू पलीकडच्या भिंतीवर आदळतो, तिथे दुसरा, विरुद्ध हिसका बसतो आणि हिशेब मिटतो. रॉकेटच्या मागे ती पलीकडची भिंतच नाही. पहिला हिसका मिळतो, तो मिटवणारा दुसरा कधी येतच नाही.

हवेची मदत तर नाहीच, उलट अडचण होते. नोझलच्या, म्हणजे वायू बाहेर पडतो त्या नळीच्या, तोंडाशी बाहेरच्या हवेचा दाब रॉकेटच्या विरोधात काम करतो. अपोलो मोहिमांच्या सॅटर्न 5 रॉकेटचं एक एफ-1 इंजिन जमिनीवर सुमारे 690 टनांचा रेटा द्यायचं, तेच पोकळीत सुमारे 790 टनांचा. वरच्या टप्प्यांच्या इंजिनांना भलीमोठी घंटेसारखी नोझल लावतात तीही यासाठीच. तिथे वायूला हवा तेवढा पसरू देता येतो, आणि त्यातून आणखी वेग काढून घेता येतो. (जळायला लागणारा ऑक्सिजन कुठून येतो, ही शंका त्यामानानं सोपी आहे. तो टाकीत सोबत नेलेला असतो.)

अपोलो 11 नं 16 जुलै 1969 रोजी उड्डाण केलं. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सनं 1920ची ती चूक दुरुस्त केल्याचं छापलं. गोडार्डना जाऊन तोवर जवळजवळ 24 वर्षं झाली होती.

आपल्याकडचं उदाहरण मंगळयानाचं. त्याच्या मुख्य इंजिनाचा रेटा 440 न्यूटन, म्हणजे साधारण 45 किलोचं पोतं उचलायला लागतो तेवढाच. जवळपास 300 दिवस ते इंजिन गप्प होतं. 22 सप्टेंबर 2014 रोजी चारेक सेकंद पेटवून ते चालतंय याची खात्री करून घेतली. दोन दिवसांनी, वेग कमी करून मंगळाच्या कक्षेत शिरण्यासाठी, ते आठ छोट्या इंजिनांसह सुमारे 23 मिनिटं पेटलं. जवळजवळ 250 किलो इंधन पुढच्या दिशेला फेकलं गेलं आणि यानाचा वेग सेकंदाला सुमारे 1,100 मीटरनं उतरला. आजूबाजूला रेटायला काही नव्हतं. यान मंगळाच्या आड गेलेलं, संपर्क तुटलेला. ते पुन्हा बाहेर आल्यावर त्याचा संदेश पृथ्वीवर पोचायला आणखी बारा मिनिटं लागली, आणि तेव्हा बंगळुरूत टाळ्या वाजल्या.