सुटलेली दहावी बाहेरून कशी द्यायची: १७ नंबर फॉर्म, पात्रता आणि कागदपत्रं

शाळा मध्येच सुटली आणि आता दहावीचं सर्टिफिकेट हवंय, अशांसाठी महाराष्ट्रात सगळ्यात सरळ वाट म्हणजे राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म. 'बाहेरून दहावी' म्हणतात ती हीच. रोज वर्गात बसावं लागत नाही. परीक्षा मात्र नेहमीच्या मुलांचीच आणि प्रमाणपत्रही त्याच मंडळाचं.

केंद्र सरकारच्या यूडायस प्लस या शाळांच्या आकडेवारीच्या अहवालानुसार २०२४-२५ मध्ये देशातली गळती तिसरी ते पाचवीत २.३ टक्के, सहावी ते आठवीत ३.५ टक्के आणि नववीपासून पुढे ८.२ टक्के होती. म्हणजे पोरं आठवीपर्यंत टिकतात आणि सुटतात ती दहावीच्या तोंडावर. शिक्षण हक्क कायद्याचं छत्रही तिथेच संपतं. पुढे लांबचं हायस्कूल, एसटीची वेळ, ऊसतोड, मुलीचं लग्न, बापाचं आजारपण, कारणं घराघराची वेगळी. कागद मात्र सगळ्यांना तेच लागतात.

हा फॉर्म कुणासाठी नाही, ते आधी पाहू, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. मूल चौदाच्या आतलं असेल तर १७ नंबरचा विचारच करू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याला वयाला साजेशा वर्गात थेट प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायची जबाबदारी शाळेची असते. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून मुख्याध्यापकांना प्रवेश अडवता येत नाही. कुणी अडवलाच, तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचा उपयोग शून्य.

दहावीला बसून नापास झालेल्यांनाही हा फॉर्म लागत नाही. ते पुनर्परीक्षार्थी. त्यांचा अर्ज जुन्या शाळेतूनच भरला जातो आणि पुरवणी परीक्षेलाही बसता येतं. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण एका गणितापायी घरी बसतात.

उरले ते दहावीपर्यंत पोचलेच नाहीत असे. १७ नंबर त्यांचा. मान्यताप्राप्त शाळेतून किमान पाचवी पास असलं पाहिजे. वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे पोराबरोबर आईनेही फॉर्म भरला तरी कुणी हरकत घेणार नाही. बारावी बाहेरून द्यायची असेल तर दहावी पास हवी, आणि दहावी-बारावीत दोन वर्षांचं अंतर हवं.

कागद मोजकेच आहेत: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, पासपोर्ट फोटो. बारावीसाठी यात दहावीची गुणपत्रिका वाढते. शिवाय चालू मोबाइल नंबर आणि ई-मेल लागतो. तो स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढचे सगळे मेसेज त्यावरच येतात.

खरी मेहनत दाखल्याची. शाळा सोडून पाच-सात वर्षं झाली की दाखला कुठल्या ट्रंकेत गेला ते कुणालाच आठवत नाही. मग शाळेत जाऊन दुय्यम प्रत मागायची. मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज करा. त्यात पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, शेवटचा वर्ग आणि शाळा सोडल्याचं अंदाजे वर्ष लिहा. जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला, नंबर माहीत असेल तर उत्तमच. नसेल तर त्या काळात बरोबर शिकलेल्या एखाद्याचा दाखला घेऊन जा. त्याच्या नंबरावरून रजिस्टरचं पान सापडायला वेळ लागत नाही. दुय्यम प्रत जोडायची असेल तर त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. शाळाच बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे गेलं ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कळतं.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. नावाची वेलांटी, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव, सगळं. पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर हेच उतरतं आणि आयुष्यभर जन्मतारखेचा पुरावा म्हणून तेच चालतं. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधली नोंद बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तिला वेळ जातो. म्हणून दाखल्याचं काम फॉर्म सुटायची वाट न पाहता आधीच उरकून ठेवावं.

लग्न झालेल्या मुलींची अडचण थोडी वेगळी. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि फॉर्म भरणारा पोरगा आधार समोर ठेवून सासरचं नाव टाकून मोकळा होतो. अर्ज दाखल्यावरच्या नावानेच भरायचा. 'कविता रामदास' दाखल्यावर असेल तर फॉर्मवरही 'कविता रामदास'च, नवऱ्याचं नाव नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला जवळ असू द्या.

फॉर्म फक्त ऑनलाइन भरता येतो, राज्य मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पण नोंदणी आदल्या पावसाळ्यातच सुरू होते. नेहमीची मुदत संपल्यावर विलंब शुल्काने ती वाढते, पण त्या भरवशावर राहू नका. डिसेंबरात जाग आलेल्यांसाठी त्या वर्षीचं दार बंद झालेलं असतं. शुल्क ऑनलाइनच भरायचं, आणि एकदा भरलं की परत मिळत नाही.

अर्ज भरताना तुमच्या पत्त्याप्रमाणे आणि माध्यमाप्रमाणे शाळांची यादी दिसते. त्यातून एक संपर्क केंद्र निवडायचं. नंतर ते बदलता येत नाही, म्हणून घाईत पहिलं नाव निवडू नका. या शाळेशी वर्षभर काम पडणार आहे. दहावीला बहुतेक विषयांत लेखी ८० गुणांची असते आणि उरलेले २० तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. विज्ञानाचं प्रात्यक्षिक असतं. हे २० गुण संपर्क केंद्रातच मिळतात. बाहेरून बसणारे बरेच जण फक्त लेखीला उगवतात आणि ३५ ची रेघ गाठताना दमतात. चालत किंवा एका एसटीत पोचता येईल अशी शाळा निवडा आणि तोंडी परीक्षेच्या तारखा विचारायला स्वतः जात राहा. फोनवर उत्तर मिळेलच असं नाही.

अर्ज भरून झाला की त्याची प्रिंट, शुल्काच्या पावतीच्या छायाप्रती आणि मूळ कागदपत्रं संपर्क केंद्रात जमा करायची. दाखला मूळ द्यायचा असल्यामुळे त्याच्या दोन-तीन झेरॉक्स आणि मोबाइलवर एक स्वच्छ फोटो काढून ठेवा.

इथवर येऊन सगळ्यात जास्त माणसं फसतात ती पुढच्या पायरीवर. १७ नंबर म्हणजे परीक्षेचा फॉर्म नव्हे. ती नुसती खाजगी विद्यार्थी म्हणून नोंदणी. ती मंजूर झाली की नावनोंदणी प्रमाणपत्र मिळतं, आणि त्याच्या आधारावर परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा, त्याचं शुल्कही वेगळं. 'फॉर्म तर भरलाय' म्हणून निवांत बसलेल्याला जानेवारीत हॉलतिकीट मिळत नाही आणि तेव्हा करता येण्यासारखं काही उरत नाही. दिवाळीच्या आसपास संपर्क केंद्रात चक्कर मारून परीक्षेचा अर्ज कधी सुरू होतोय ते विचाराच.

काही अडलं तर दाद विभागीय मंडळाकडे. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोकण अशी नऊ विभागीय मंडळं आहेत. 'पास करून देण्याची गॅरंटी' देणाऱ्या एजंटाला मात्र छदामही देऊ नका. त्याला मंडळात काही करता येत नाही. तो तुम्हाला कुठल्या तरी भलत्याच बोर्डाचं रंगीत सर्टिफिकेट हातात देतो आणि ते नोकरीच्या पडताळणीत उघडं पडतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना या वेळापत्रकाचीच अडचण आहे. टोळी दिवाळीच्या आगेमागे गाव सोडते आणि हंगाम मार्चपर्यंत लांबतो. परीक्षा नेमकी त्यातच. अशांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, म्हणजे एनआयओएस, जरूर पाहावी. तिची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं. आठवीचा दाखला नसेल तर अभ्यासाबद्दलचं स्वयंघोषणापत्र चालतं. पाच विषय घ्यायचे, पाच वर्षांत नऊ संधी, आणि जमेल तसे एकेक विषय सोडवत जायचं. मराठी माध्यमही आहे. दुसऱ्या बोर्डाची परीक्षा देऊन दोन विषयांत पास झाला असाल तर ते इथे जमा धरता येतात. माझं मत विचाराल तर गावात राहणाऱ्याने १७ नंबर भरावा, कारण गावातली शाळा आणि तिथले सर ओळखीचे असतात. फिरतीवरच्याने एनआयओएस.

तिसरी वाट आयटीआयची. वय किमान १४ हवं, आणि वायरमन, वेल्डर, सुतारकाम अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. आयटीआय पूर्ण केल्यावर तिथलं क्रेडिट धरून राज्य मंडळाचे मोजकेच विषय देता येतात आणि शालेय समकक्षता, म्हणजे दहावी-बारावीच्या तोडीचा दर्जा, मिळवता येते. हाताला काम आणि कागद एकाच वेळी हवा असेल त्याला हीच वाट बरी.

एवढा खटाटोप करून पदरात काय पडतं, ते शिकाऊ उमेदवारीच्या, म्हणजे अप्रेंटिसशिपच्या, नियमात उघड दिसतं. २०१९ च्या दुरुस्तीत ठरलेलं किमान विद्यावेतन पाचवी ते नववीवाल्याला महिना ५,००० रुपये, दहावी पासला ६,००० आणि आयटीआयवाल्याला ७,००० होतं. पासपोर्टचंही तसंच. दहावी पास असेल तर आखाती देशांत कामाला जाताना एमिग्रेशन तपासणीच्या, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधीच्या सरकारी मंजुरीच्या, अटीतून सूट मिळते. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मात्र दहावीवर भागत नाही. तिथे किमान बारावी लागते आणि वय १८ ते ३५. ती डोळ्यासमोर असेल तर दहावीचा निकाल लागल्याच्या वर्षापासून दोन वर्षं मोजा आणि बारावीचा १७ नंबर कुठल्या पावसाळ्यात भरायचा ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.